कोरड्या मुलखांत घर

घर घेतांना काय पाहावें याविषयीं सल्ला देणारांची आपल्याकडे कधींच वाण पडत नाहीं. जागेचा भाव, उताऱ्यावरील नांवें, रस्ता, शाळा, दवाखाना, शेजार आणि दाराचें तोंड कोणत्या दिशेस आहे, इतकें पाहून झालें म्हणजे पाहण्याचें काम संपलें, अशी सुशिक्षित कुटुंबांतहि समजूत असते. या सर्व गोष्टींत एक साम्य आहे. त्यांत गफलत झाली तर नुकसान घेणाराचें होतें. भाव जास्त पडला तर त्याचा पैसा गेला. रस्ता वाईट निघाला तर त्याचे पाय दुखले. म्हणून या गोष्टी शहाणपणाच्या सदरांत येतात, नीतीच्या नव्हे. परंतु ज्या मुलखांत पाऊस पुरेसा पडत नाहीं तेथें घर घेणारापुढें असा एक प्रश्न उभा राहतो कीं, त्याचा स्वतःचा अंदाज अगदीं बरोबर ठरला तरी नुकसान दुसऱ्याचें होऊं शकतें. तो प्रश्न पाण्याचा. घरांत पाणी आलें, बारमाही आलें, एवढ्यानें तो शहाणा ठरेल. पण तें कोठून आलें व कोणाच्या वांट्याचें आलें हें विचारल्यावांचून त्यास न्यायी म्हणतां येईल काय, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रश्न डोळ्यांपुढें स्पष्ट यावा म्हणून पुणें जिल्ह्याचे पूर्वेकडील दोन तालुके, बारामती व इंदापूर, घेऊं. वाळवंट म्हटलें कीं आपल्या मनांत जैसलमीर येतें. बारामतीस वाळू नाहीं, उंट नाहींत. उलट रस्त्याच्या दोन्ही अंगांस नजर पोंचेल तेथवर ऊंस आहे. परंतु आकाशाच्या हिशेबानें पाहिलें तर हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. महाबळेश्वरास वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारें शंभर किलोमीटरांवर असलेल्या बारामतीस तो पांचशेंच्या आसपास येऊन ठेपतो. आणि तेवढाहि वेळेवर येईल असा भरंवसा नाहीं. मृग कोरडा जावा, आश्लेषा-मघांनीं नुसतें आभाळ दाखवावें, आणि भाद्रपद सरतां सरतां परतीच्या पावसानें चार दिवसांत वर्षाचा हिशेब चुकता करावा, हा येथील नित्याचा क्रम. ऊंस दिसतो तो या पावसाचा नव्हे. तो नीरेच्या कालव्याचा. कालव्याच्या खालीं बागाईत, वर जिराईत. एकाच तालुक्यांत असे दोन मुलूख नांदतात, आणि त्यांच्यामधील सीमा म्हणजे पंधरा-वीस हात रुंदीचा एक पाट. परगांवाहून आलेला गिऱ्हाईक मोटारींतून ऊंस पाहतो, पाट पाहत नाहीं.

जिराईत बाजूचें एक गांव सुपें. याच सुप्यांत १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली, खतें व दस्तऐवज जाळले, आणि तेथून दख्खनचा दंगा पसरला. त्याचीं कारणें अनेक होतीं. अमेरिकेंतील यादवी संपल्यावर कापसाचे भाव उतरले होते, सरकारनें सारा वाढविला होता. परंतु आकाशाच्या लहरीवर अवलंबून असणाऱ्या उत्पन्नावर मुदतीचें कर्ज उभारणें किती धोक्याचें असतें, याचा तो धडा होता हें नाकारतां येणार नाहीं. आज वीस वर्षांच्या गृहकर्जावर सही करतांना ज्या घराच्या तारणावर आपण सही करतों, त्या घराची किंमत वीस वर्षें पाणी राहील या गृहीतावर बसविलेली असते. हें गृहीत कोणत्याहि कागदावर लिहिलेलें नसतें, एवढाच काय तो तेव्हांच्या व आतांच्या खतांत फरक.

आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा एक भाग गांव वसवितांनाच सोडविला होता. गांवच्या जमिनीचे ते दोन भाग मानीत: पांढरी आणि काळी. पांढरींत वस्ती, काळींत शेती. हा भेद नुसत्या रंगाचा नव्हता. काळी माती पाणी पितांना फुगते आणि वाळतांना आकसते; वैशाखांत तिला हात आंत जाईल एवढाल्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभारलेली भिंत तिच्या श्वासाबरोबर वरखालीं होते. पांढरी माती तशी फुगत नाहीं. तिच्या भिंती जाड घालतां येतात, आणि माळवदावर तिचाच थर दिला म्हणजे चैत्राच्या उन्हांतहि खालीं बसवतें. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील जुन्या गढ्या याच मातीच्या. पुढें जुन्या कागदांत 'पांढरी' हा शब्द खुद्द गांवकऱ्यांच्या समुदायासहि लावूं लागले, इतका त्या मातीचा व माणसांचा संबंध जडला.

आतां या व्यवस्थेंत मला जें महत्त्वाचें वाटतें तें बांधकामाचें शास्त्र नव्हे. काळी ही ओलीची तिजोरी आहे. हस्ताचें पाणी ती पोटांत धरून ठेवते, आणि त्यावर पुढें एकहि पाऊस न पडतां शाळू पिकतो. ती तिजोरी मोडून तिच्यावर घर बांधावयाचें नाहीं, हा निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतला होता. आज रस्त्याकांठचें काळें रान बिनशेती करून त्याचे प्लॉट पाडतात. खांब रोवतात, दगडांस चुना फासतात, एक कमान उभारतात. घेणारास खालीं मुरूम किती फुटांवर लागतो हें कोणी सांगत नाहीं, आणि तोहि विचारीत नाहीं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघाली म्हणजे गवंड्यास बोल लावतो. गवंड्याचा दोष असेलहि. पण पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतीनें तरी काय करावें?

पांढरीचें हें गुणवर्णन करतांना दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. त्याच पांढरीच्या आडावर गांवांतील सर्वांस पाणी भरतां येत नव्हतें. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं जें घडलें तें घडावें लागलें, कारण पाण्याच्या बाबतींत आपला समाज निसर्गापेक्षांहि कंजूष होता. तेव्हां जुनें तें सोनें असा माझा दावा नाहीं. कोठें बांधूं नये हें पूर्वजांस कळलें होतें. कोणास नाहीं म्हणूं नये हें कळलें नव्हतें. आपणांस दोन्ही शिकावयाचीं आहेत, आणि भीति अशी आहे कीं, दुसरें पुरतें शिकण्यापूर्वींच आपण पहिलें विसरलों.

पाण्याच्या उगमाकडे वळूं. १८७६-७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळल्यावर नीरेचा डावा कालवा हातीं घेतला गेला, आणि भोर संस्थानच्या हद्दींत भाटघर येथें वेळवंडी नदी अडविण्यांत आली. पुढें त्याच जागीं अधिक उंच धरण उभें राहून १९२८ च्या सुमारास पुरें झालें. म्हणजे बारामतीच्या नळास जें पाणी येतें तें भोरच्या डोंगरांत पडलेलें. तेथें पाऊस पडतो तेव्हां तेथील माणूस भिजतो, त्याची भातखाचरें धरणाखालीं जातात, आणि उन्हाळ्यांत तोच माणूस डोंगरउतारावर हंडा घेऊन पाण्याच्या शोधांत फिरतो. हा विपरीत देखावा सह्याद्रीच्या पुष्कळ धरणांच्या कांठीं दिसतो.

कालवा आला आणि त्याबरोबर वांटणीचा तंटा आला. वरच्या गांवांनीं उंसासाठीं भरमसाट पाणी घ्यावें व खालच्यांनीं कोरड्या चारीकडे पाहत बसावें, असें होऊं लागलें. त्या वेळीं विश्वेश्वरय्या पुण्याकडे इंजिनिअर होते. त्यांनीं नीरेच्या कालव्यावर जी ब्लॉक पद्धति सुरू केली तिचा हेतु मुळांत नैतिक होता, असें मला वाटतें. पाणी थोड्या गांवांत सांठूं न देतां पुष्कळ गांवांत पसरावें, एका तुकड्यांत सगळाच ऊंस न होतां पिकांची फेरपालट व्हावी, आणि कोणास किती मिळणार हें आधीं ठरावें, असा तिचा आशय. पाणी वाढविण्याची कोणतीहि युक्ति त्यांत नव्हती. होती ती वांटण्याची. आज शंभराहून अधिक वर्षांनीं त्याच कालव्याच्या शेवटच्या टोंकाचा, इंदापुराकडील शेतकरी आवर्तनाची वाट पाहत पाटकऱ्याच्या विनवण्या करतो. नदीच्या पलीकडे उजवा कालवा आहे. त्यावर फलटण, माळशिरस, सांगोल्याकडचीं रानें अवलंबून आहेत. धरणाच्या पाण्याचा वांटा डाव्यास किती व उजव्यास किती, यावर २०१९ व २०२० या लागोपाठच्या दोन वर्षांत सरकारी निर्णय एकदां एका बाजूस व एकदां दुसऱ्या बाजूस झाले. घर घेणारास या भांडणाशीं कर्तव्य नाहीं असें वाटतें. परंतु त्याच्या न्हाणीघरांतील नळ त्या भांडणाचाच एक पक्षकार असतो.

कालव्याकांठच्या घरांविषयीं एक गोष्ट जातां जातां सांगितली पाहिजे, कारण ती चमत्कारिक आहे. नीरेच्या बागाइतांत कांहीं जमिनी पाण्याच्या अतिरेकानें चिबड व खारवट होऊन गेल्या, आणि अशा जमिनींतील घरांच्या भिंतींस लोणा लागतो. पांचशें मिलिमीटरांच्या मुलखांत घर ओलीनें खराब व्हावें! जेथें पाणी नाहीं तेथें तें आणणें जितकें कठीण, तितकेंच आणलेलें पाणी मापांत ठेवणेंहि कठीण, असा याचा अर्थ.

इंदापुराची कहाणी आणखी निराळी आहे. तेथें पाणी पाटानें आलें. पण तेवढ्यावर थांबलें नाहीं. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि इंदापूर व करमाळा तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें त्याच्या फुगवट्याखालीं गेलीं. पळसदेव हें त्यांतलें एक. गांव वर नव्या जागीं वसलें. पळसनाथाचें जुनें दगडी देऊळ खालींच राहिलें. ज्या वर्षीं धरण बरेंच आटतें त्या वर्षीं उन्हाळ्यांत तें पाण्याबाहेर येतें, आणि लोक होड्यांतून किंवा चिखल तुडवीत तें पाहावयास जातात. भिगवणच्या उथळ पाण्यांत हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. त्या पक्ष्यांमागून पुण्याचीं मोटारगाड्यांतलीं कुटुंबें येतात, आणि पक्षी पाहून झाल्यावर पाण्याकांठीं एखादा तुकडा विकत मिळतो काय याची चौकशी करतात. मला त्यांचा उपहास करावयाचा नाहीं. पाणी पाहून मन निवतें हें खरेंच. फक्त त्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, ज्या पाण्याच्या शोभेचे ते पैसे मोजणार तें पाणी कोणाच्या तरी उंबऱ्यावर उभें आहे; आणि त्यांतला मोठा अंश मुळा-मुठेवाटे त्यांच्याच शहराच्या मोऱ्यांतून खालीं आला आहे. २०२१ सालीं उजनींतून इंदापुराकडे पांच अब्ज घनफूट पाणी उचलण्याचा आदेश निघाला, तेव्हां त्याचें समर्थन या सांडपाण्याच्याच हिशेबावर करण्यांत आलें होतें. सोलापूर जिल्ह्यांत त्याविरुद्ध इतका क्षोभ उसळला कीं, थोड्याच आठवड्यांत तो आदेश मागें घ्यावा लागला. सांडपाण्यावरहि दोन जिल्हे भांडतात, अशी या मुलखाची तहान आहे.

येथें कोणी म्हणेल, धरण मीं बांधलें नाहीं, गांव मीं बुडविलें नाहीं. मग मला कसला दोष? हा आक्षेप बरोबर आहे. दोष नाहीं. परंतु अपराध आणि ऋण या दोन वस्तु निराळ्या आहेत. अपराध आपण केलेल्या कृत्यानें लागतो. ऋण आपण घेतलेल्या लाभानें. शतपथ ब्राह्मणांत देव, ऋषि व पितर यांच्या जोडीला मनुष्यांचेंहि ऋण सांगितलें आहे, आणि तें आतिथ्यानें, म्हणजे दुसऱ्यास निवारा व अन्न देऊन, फेडावयाचें असतें. ज्या माणसाच्या घराच्या मोबदल्यांत माझ्या घरास पाणी आलें, त्याचें ऋण माझ्या जन्मापूर्वीं झालें म्हणून चुकत नाहीं. वडिलांचें कर्ज आपण ज्या इमानानें मानतों त्याच इमानानें तें मानावें लागतें. तें फेडावें कसें, हा प्रश्न कठीण आहे. निदान तें वाढवूं नये, एवढें तर प्रत्येकाच्या हातीं असतें. अंगणांत परदेशी गवताची हिरवळ राखण्यासाठीं रोज हजार लिटर पाणी ओतणें हें तें वाढविणें होय.

कालव्याचें पाणी नसेल तर माणूस जमिनींत भोंक पाडतो. बोअरच्या पाण्याविषयीं लोकांची कल्पना अशी कीं, सात-बाराचा उतारा जसा पृष्ठभागाचा तसाच पाताळाचा. ही कल्पना निराधार नाहीं. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यानें, ठराविक प्रवाहांत न वाहणारें भूमिगत पाणी आपल्या हद्दींत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकास दिला आहे. पण हा नियम आला कोठून? इंग्लंडांतून. १८४३ सालीं तेथील न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, शेजाऱ्यानें खोल खणल्यामुळें तुमची विहीर आटली तर तुमची दाद लागणार नाहीं, कारण जमिनीखालच्या पाण्याची वाट कोणास ठाऊक? बारमाही पावसाच्या देशांत बसून असा निर्णय देणें सोपें आहे. तोच नियम काळ्या फत्तराच्या दख्खनवर लादला म्हणजे काय होतें हें कोणत्याहि गांवीं पाहावें. आपल्या कातळांत पाणी सांठतें तें वरच्या मुरमांत व खालच्या फटींत. या फटी बांध ओळखत नाहींत. एकानें दोनशें फूट घेतलें कीं दुसरा चारशें घेतो, तिसरा सहाशें. आणि सरतेशेवटीं ज्याचा पैसा आधीं संपतो त्याची विहीर आधीं संपते. १९९३ सालीं महाराष्ट्रानें कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पांचशें मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर घेण्यास मनाई केली. पुढचा अधिक व्यापक कायदा २०१४ पासून अंमलांत आला. ते किती पाळले जातात हें वाचकांनीं आपल्या आसपास पाहून ठरवावें. मुद्दा कायद्याचा नाहींच. शेजारच्या म्हातारीचा आड माझ्या बोअरमुळें आटला, तर न्यायालय मला सोडील. पण ती कुंपणावरून माझ्याकडे पाहील तेव्हां मी काय करणार? कुंपण उंच करणें हा एक मार्ग आहे, आणि पुष्कळांनीं तो स्वीकारला आहे.

हें संकट आपल्याच दारिद्र्याचें आहे असें समजण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत फीनिक्स हें खरोखरच्या वाळवंटांतलें अफाट शहर आहे. तेथें नव्या वसाहतींत घरें विकणारानें शंभर वर्षें पुरेल एवढें पाणी दाखवावें, असा नियम आहे. नियम मोठा दूरदर्शी. परंतु जमिनीचे पांच किंवा त्याहून कमी तुकडे पाडले तर तो लागू होत नाहीं. या फटींतून रिओ व्हर्दे फुटहिल्स नांवाची एक सुखवस्तु वस्ती उभी राहिली. तिच्यांतील शेंकडों घरें जवळच्या स्कॉट्सडेल शहराकडून टँकरनें आणलेल्या पाण्यावर चालत. १ जानेवारी १९२३ नव्हे, १ जानेवारी २०२३ रोजीं, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत, त्या शहरानें आपल्यालाच पुरत नाहीं म्हणून तें पाणी बंद केलें, आणि लक्षावधि डॉलरांच्या घरांतील लोक कागदी ताटांत जेवूं लागले. आपल्याकडे लातूरच्या लोकांनीं एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेनें आलेलें पाणी पाहिलें. पहिल्या गाडींत पांच लक्ष लिटर होतें. लातूर कांहीं आडरानांतलें खेडें नव्हे. शाळा-कॉलेजांच्या लौकिकासाठीं लोक तेथें मुद्दाम बिऱ्हाडें करतात.

मग या मुलखांत कोणीं घरच करूं नये काय? असा निष्कर्ष काढणें म्हणजे अतिरेक होईल. मोरोपंतांचें कुटुंब पन्हाळ्याचें. पावसाळी डोंगर सोडून तें बारामतीस आलें, बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहिलें, आणि पंतांनीं कऱ्हेकांठीं जें लिहिलें त्यावर मराठी भाषा अजून श्रीमंत आहे. माणसें अन्न, आश्रय व काम यांच्या मागें जातात, आणि जाणारच. औद्योगिक वसाहतींत नोकरी लागलेल्या तरुणास 'येथें पाऊस कमी, तूं राहूं नकोस' असें सांगण्याचा अधिकार धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या पुणेंकरास तर मुळींच नाहीं. माझ्या मतें भेद करावयाचा तो येथला आणि परका असा नव्हे, गरजेचा आणि हौसेचा असा. ज्याला येथेंच राहावें लागतें, त्याचा पाण्यावरील हक्क पहिला. ज्याला दुसरें घर आहे, आणि तिसरें केवळ भाव वाढेल म्हणून घ्यावयाचें आहे, त्यानें तो तुकडा मोकळा सोडला तर कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. यावर ठरलेलें उत्तर येतें कीं, मीं न घेतलें तर दुसरा घेईल. घेईल खरा. परंतु या उत्तरानें चोरीचेंहि समर्थन होतें, म्हणून तें उत्तर म्हणून मोजण्यांत अर्थ नाहीं.

ज्याला घ्यावयाचेंच आहे त्यानें एक तर घर वैशाखांत पाहावें. दलाल श्रावणांत दाखवितात. तेव्हां ओढे वाहत असतात आणि माळावरहि पोपटी गवत असतें. दुसरें, विचारावयाचें तें पुरुषांस विचारूं नये. नळ कितव्या दिवशीं येतो, किती वेळ टिकतो, टँकर आला म्हणजे पहिला हंडा कोणाचा, हें घरांतल्या बाईस ठाऊक असतें; कारण पाणी कमी पडलें तर पहांटे उठावें लागतें तें तिलाच. घर कोणाच्या नांवावर असावें यावर आपण हल्लीं पुष्कळ बोलतों. त्यांतलें पाणी कोणाच्या कमरेवर असतें याचा विचार त्याआधींचा आहे.

आणि घर बांधतांना पाऊस घरांत घ्यावा. राजस्थानच्या वाळवंटांत अंगणाखालीं टांकें बांधून छपराचें पाणी त्यांत उतरविण्याची जुनी चाल आहे. जैसलमीरास बारामतीच्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो, तरी तिकडचीं माणसें या पाण्यावर पिढ्यान्पिढ्या राहिलीं. हिशेब अगदीं सोपा आहे. शंभर चौरस मीटरांचें छप्पर आणि पांचशें मिलिमीटर पाऊस, म्हणजे पन्नास हजार लिटर. वाहून व वाळून जाणारें वजा करून चाळीस हजार धरा. पांच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास माणशीं वीस लिटर पुरतात, रोजचे शंभर. म्हणजे चाळीस हजार लिटर चारशें दिवसांस, वर्षाहूनहि थोडे अधिक, पुरतात. हेंच पाणी सढळ हातानें माणशीं शंभर लिटर वापरलें तर ऐंशीं दिवसांत संपतें. या दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे बाहेरून मागावें लागणारें पाणी. आंघोळ, धुणें, मोरी यांसाठीं तें मागावें लागणारच. पण किती मागावें, याला या अंतरानें एक माप मिळतें. अवर्षणांत पाऊस निम्म्यावर येतो, तेव्हां टांकेंहि निम्मेंच भरेल, हें धरून चालावें. बांधकामाच्या एकंदर खर्चांत टांक्याचा खर्च जड नसतो. लोक त्याच पैशांत दर्शनी भिंतीस परदेशी दगड लावतात.

शेवटचा प्रश्न घेणाराचा नसून विकणाराचा आहे. पण जो घेतो तो केव्हांतरी विकतोच. सिसेरोनें कर्तव्यावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत एक घर विकावयास काढलें आहे. तें रोगट आहे, निजावयाच्या खोल्यांत साप निघतात, लांकूड कुजलें आहे. आणि हें एका मालकास मात्र ठाऊक आहे. त्यानें तें सांगावें काय? बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. गिऱ्हाइकास डोळे आहेत, कायद्यानें जेवढें सांगावें लागतें तेवढें सांगितलें म्हणजे झालें. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें पाप, तर जाणूनबुजून चुकीच्या वाटेस जाऊं देणें त्याहून मोठें पाप. सिसेरो शिष्याच्या बाजूस जातो. आपल्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यानेंहि, गिऱ्हाइकास सामान्य सावधगिरीनें कळणार नाहीं असा महत्त्वाचा दोष सांगण्याचें बंधन विकणारावर घातलें आहे.

आतां हाच खटला आपल्या तालुक्यांत आणा. बोअर कार्तिकांत भरभरून वाहतें आणि फाल्गुन सरला कीं नुसती हवा ओढतें. घर कार्तिकांत विकावयास निघालें आहे. गिऱ्हाईक मोटर चालू करून पाहतो, दोन इंची धार पाहून समाधान पावतो, आणि मालक कांहीं बोलत नाहीं. कोणत्याहि कायद्याच्या कचाट्यांत तो सहसा सांपडणार नाहीं. पाऊस कमी झाला असें म्हणावयास तो मोकळा आहे. त्यानें बोलावें असें माझें मत आहे. आणि तें ऐकून गिऱ्हाइकानें भाव पाडून मागितला, तर मालकानें तो नुकसान म्हणून लेखूं नये. उन्हाळ्यांत ज्या घरांत पाणी नसतें त्याचा भाव तेवढाच होता. त्यानें स्वतः घेतांना अधिक दिला असेल, तर तो त्याचा व त्यास विकणाराचा हिशेब. नव्या माणसाच्या खात्यावर मांडण्याचा नव्हे.